नर्सबाईंची परीक्षा

सोमवार म्हणजे बेल्ह्याचा बाजार. बैलांच्या दावणी, भाजीचे ढीग आणि आळेफाट्याकडून माणसे कोंबून येणाऱ्या एस.टी. गाड्या. पंधराएक वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी रात्रपाळी उरकून एक नर्सबाई बँकेत माझ्यासमोर येऊन बसल्या. शिक्षणासाठी कर्ज हवे होते. मी सवयीने विचारले, "मुलगा काय करतो?"

"तो दहावीला आहे साहेब. शिकायचंय मला."

बाई चाळिशीच्या. तीन वर्षांच्या पदविकेवर नोकरी चालली होती. पण पुढे शिकवण्याच्या जागेवर जायचे तर पदवी हवी. पदविकेनंतरची बी.एस्सी. नर्सिंग नियमित महाविद्यालयात दोन वर्षांची. तेवढी रजा कोण देणार? नोकरी करणाऱ्या परिचारिकांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ साली हीच पदवी दूरशिक्षणाने सुरू केली, तिला किमान तीन वर्षे. पण शुश्रूषा काही टपालाने शिकता येत नाही. प्रात्यक्षिकांना हजर राहावेच लागते. बाईंना त्यासाठी पुणे गाठावे लागणार होते. म्हणजे नारायणगाव, मंचर, चाकण करीत शंभरेक किलोमीटर, आणि परतून पुन्हा पाळी.

त्याहून अवघड इंग्रजी. रोग्याच्या पावलाला हात लावून त्याची तब्येत ढासळतेय हे ओळखणारी बाई. तेच इंग्रजीत, रकाने आखून, कारणांसह लिहायचे म्हटले की पेन अडे. जर्नल पूर्ण व्हायचे पहाटे तीनला, वॉर्ड निजल्यावर. सूक्ष्मजीवशास्त्राचे पुस्तक स्वयंपाकघरात डब्यांमागे ठेवलेले. सासूबाईंचे पालुपद एकच : "या वयात कसली गं परीक्षा?"

१९०९ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा भल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावावा का, हा वाद होता. तो मिटला. आता प्रश्न उरलाय तो संध्याकाळच्या भाकरीचा.

आमच्या छापील अर्जातही एक रकाना होता, 'पालकाचे नाव व सही'. स्वतःच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईने पालक कुठून आणायचा? नियमात बसेना. शेवटी मी वैयक्तिक कर्ज दिले, चढ्या व्याजाने. ते आजही मला बोचते.

चौथ्या वर्षी बाई पुन्हा आल्या, मुलाच्या शिक्षणकर्जासाठी. या वेळी पालकाच्या रकान्यात नाव त्यांचे. शिक्षणाच्या रकान्याशी मात्र क्षणभर थांबल्या, मग 'पदविका' असे लिहिले. एक पेपर अजून राहिला होता.