पहिला ‘सा’ लागेपर्यंत

आषाढ लागला की गाण्याच्या क्लासांमध्ये एक यादी फिरू लागते. कोण कोणता राग गाणार, तबल्याला कोण, पेटीला कोण, कुणाला किती मिनिटं. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची यादी. तिच्यात बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी असते, मुलांना शाळेत सोडून क्लास गाठणारी आई असते. वर्षभर ही मंडळी मन लावून शिकतात. कुणी विशारदची तयारी करत असतं, कुणाला फक्त गायचं असतं. पण यादीत नाव लागलं की त्यांची झोप उडते. दहा मिनिटांच्या यमनसाठी पोटात गोळा येतो.

या भीतीवर आपल्याकडे एकच औषध सांगितलं जातं: रियाज वाढव, भीती आपोआप जाईल. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कधी कधी अन्यायाचंही. कारण भरपूर रियाज केलेली माणसंही थरथरतात. घरातला रियाज आणि चारचौघांसमोरचं गाणं ही दोन वेगळी कामं आहेत. हौशी कलाकार पहिलं काम रोज करतो आणि दुसरं वर्षातून एकदा. जे वर्षातून एकदाच करायचं, त्याची धास्ती वाटणारच.

त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं? समोर धोका आहे असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते. श्वास पोटातून वर सरकून छातीत अडकतो. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर ही उत्तम तयारी, पण मींड घ्यायला तिचा काही उपयोग नाही. घरी एका श्वासात सहज बसणारी आलापी न्यासाच्या स्वरापर्यंत पोचायच्या आत तुटते. पेटीवाल्याची बोटं घामानं निसटतात. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे लय. घाबरलेल्या माणसाचं आतलं सगळंच वेगानं चाललेलं असतं, त्यामुळे चढलेली लय त्याला बरोबर वाटते. विलंबित एकताल म्हणून सुरू झालेलं गाणं मध्य लयीत शिरलेलं असतं आणि हे कळतं ते दुसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग ऐकताना. म्हणून बंदिश उचलण्याआधी मुखडा एकदा मनात पूर्ण म्हणावा, आणि त्याच लयीत तबलजींना हातानं मात्रा दाखवाव्यात. यात जाणारी काही सेकंदं पुढची सगळी मिनिटं वाचवतात.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही. चेलोवादक पाब्लो कसाल्स यांना जन्मभर मंचाची धास्ती होती. १९०१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावरून उतरताना दगड कोसळून त्यांच्या डाव्या हाताची बोटं चिरडली. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो सुटकेचा, की आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही, असं त्यांनीच पुढे आठवणींमध्ये सांगितलं. हात बरा झाला आणि ते नव्वदी ओलांडेपर्यंत वाजवत राहिले. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ १९५३ मध्ये जाहीर मैफलींपासून दूर झाले, ते थेट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले. इतक्या उंचीवरच्या माणसांना जे छळतं, ते आपल्याला छळलं म्हणून आपण गाण्याच्या लायकीचे नाही असा अर्थ काढायचं काहीच कारण नाही.

श्रोते समोर असले की कौशल्याचं नेमकं काय होतं, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तो संगीताचा नव्हे, बिलियर्ड्सच्या जातीच्या पूल या खेळाचा आहे. जेम्स मायकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या खेळघरात त्यांनी आधी दुरून, नकळत खेळाडूंची नोंद केली. मग चौघं जण टेबलाजवळ जाऊन पाहत उभे राहिले. चांगल्या खेळाडूंचे यशस्वी फटके ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. कच्च्या खेळाडूंचे ३६ वरून २५ टक्क्यांवर आले. बघणारे तेच, खेळ तोच. जे अंगात मुरलं आहे ते लोकांसमोर खुलतं, जे अजून कच्चं आहे ते ढासळतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं हे तत्त्व १९६५ मध्येच मांडलं होतं.

हौशी गायकासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. मंचावर नवा राग नेऊ नये. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. वर्षभरात काय शिकलो ते दाखवायचं म्हणून दोन महिन्यांपूर्वी हातात पडलेली चीज कार्यक्रमात ठेवली जाते, तीही तानांसकट. शिवाय वेळेची अडचण असते. कार्यक्रम सकाळी नऊला, म्हणून तोडी किंवा अहिरभैरव. ज्या माणसाचा रियाज नोकरीवरून आल्यावर रात्री होतो, त्याचा गळा सकाळी नऊला तोडीसाठी उघडलेलाच नसतो. अशा वेळी सरळ विचारावं, “ताई, मला संध्याकाळच्या सत्रात भूप गाऊ द्याल का?” भूप सोपा राग म्हणून हिणवला जातो, पण वर्षानुवर्षं घोटलेला भूप आठ मिनिटं सुरात ऐकायला मिळणं ही श्रोत्यांसाठी मोठी गोष्ट आहे.

घरी रियाज करताना चूक झाली की आपण थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून घेतो. शिकण्यासाठी ते योग्यच. पण अशानं सवय लागते ती थांबण्याची, आणि मंचावर थांबता येत नाही. आठवड्यातून एक दिवस वेगळा ठेवावा. गळा न तापवता, फोनवर रेकॉर्डिंग चालू करून, कार्यक्रमात जितकी मिनिटं मिळणार तितकी, एकदाच आणि न थांबता गायचं. सूर गेला, शब्द विसरला, तान तुटली, तरी पुढे जायचं. फोनचं ते लाल बटण दाबल्यावरही छाती थोडी धडधडते, आणि तेवढीच धडधड सुरुवातीला पुरेशी आहे. पुढच्या आठवड्यात घरच्यांना बसवावं, मग शेजारच्यांना. शब्द विसरण्याची भीती असेल तर अंतऱ्यापासून सुरुवात करून पाहावी, कधी दुसऱ्या ओळीपासून. फक्त पहिल्यापासूनच म्हणता येणारं गाणं मध्ये एकदा तुटलं की पुन्हा पकडता येत नाही. समोर वही ठेवायला माझी काहीच हरकत नाही. फक्त नजर तिच्यात रुतून बसू नये, कारण नजर खाली गेली की मान खाली जाते आणि आवाज दबतो.

इथे आपल्या संगीतानं हौशी माणसाची केवढी सोय करून ठेवली आहे, ते सांगायलाच हवं. पाश्चात्त्य पद्धतीच्या पियानोवादकाला पहिल्या क्षणापासून लिहिलेला स्वर नेमका वाजवावा लागतो. ख्याल गाणाऱ्याला आधी तानपुरे जुळवायला वेळ मिळतो, मग नुसता ‘सा’ लावायला, मग दोन-चार स्वरांत रेंगाळायला. घाई करा असं कुणीही म्हणत नाही. त्यानंतर मुखडा असतो. आलाप भरकटला, तान मध्येच विरली, तरी मुखडा पकडून समेवर आलं की सगळं पुन्हा जागेवर येतं, आणि पुढचं आवर्तन कोरं असतं. म्हणून कार्यक्रमाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ मुखडा पकडून समेवर येण्याला द्यावा, कुठूनही आणि कितव्याही मात्रेवरून. परतीची वाट पक्की असलेला माणूस मोकळेपणानं फिरतो. भावगीत आणि नाट्यगीतात ही मुभा कमी असते. तिथे पहिली ओळ आणि अंतऱ्याची उचल एवढं तरी झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.

तबलजींचा प्रश्न मात्र क्लासांनी अजून सोडवलेला नाही. वर्षभर विद्यार्थी अॅपवरच्या तबल्यासोबत गातो. तो ठेका कधी हलत नाही, मध्ये तुकडा घेत नाही, समेआधी तिहाई टाकत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी अनोळखी तबलजी समोर येतात, आवर्तन भरतात, आणि विद्यार्थ्याची सम हरवते. ही भीती मनाच्या कमकुवतपणातून आलेली नसते, सरावच झालेला नसतो. आदल्या दिवशी एकदा साथीला बसायला मिळालं तरी चित्र बदलतं. तेही जमलं नाही तर बसताना नम्रपणे सांगावं, “दादा, मला साधा ठेकाच द्या, लय एवढी धरा.” चांगला साथीदार हे ऐकून कधीच नाराज होत नाही.

आवाजाच्या यंत्रणेचंही तसंच. घरच्या बंद खोलीत आपला आवाज भिंतींवरून परत येतो, तानपुरा कानाशी असतो. सभागृहात आवाज श्रोत्यांकडे निघून जातो आणि गायकाला स्वतःचंच गाणं ऐकू येत नाही. मग तो जोर लावतो आणि सूर चढतो. मंचावरच्या स्पीकरमध्ये तानपुरा आणि आपला आवाज वाढवून मागणं हा गायकाचा हक्क आहे. हौशी कलाकार तो संकोचानं सोडून देतो.

शेवटच्या दहा मिनिटांसाठीचा उपाय आपल्या परंपरेतच आहे. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित उतरतो. श्वास लांबवून, मिनिटाला साधारण सहा या गतीनं घेतला, चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, की काही मिनिटांतच धडधड निवते. मंद्र सप्तकातला लांब स्वर लावणं म्हणजे सावकाश सोडलेला श्वासच. कार्यक्रमाआधी कोपऱ्यात बसून हलक्या आवाजात खर्ज लावल्यानं गळ्याबरोबर मनही तयार होतं. त्याऐवजी अनेक जण त्या दहा मिनिटांत अवघड तान पुन्हा पुन्हा म्हणून बघतात. अंगवळणी पडलेल्या तानेतला एकेक स्वर असा जाणीवपूर्वक तपासायला गेलं की ती अडखळू लागते. लक्ष तानपुऱ्यावर ठेवावं, तानेला तिच्या वाटेनं जाऊ द्यावं.

शांत हो, असं स्वतःला बजावणं मात्र फारसं उपयोगी पडत नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कॅराओकेवर गायला लावलं. काहींनी आधी ‘मी घाबरलोय’ असं म्हणायचं होतं, काहींनी ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं, काहींनी काहीच नाही. उत्सुकतेचं वाक्य म्हणणाऱ्यांचं गाणं यंत्रानं मोजलं तेव्हा सर्वांत अचूक निघालं, भीतीचं म्हणणाऱ्यांचं सर्वांत कमी. धडधडणारं काळीज दोन्हीकडे सारखंच असतं. त्याला काय समजायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

आणखी एक दिलासा. आपली थरथर समोरच्याला स्वच्छ दिसते आहे, असं घाबरलेल्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात ती फारच थोडी दिसते. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ मधल्या अभ्यासात भाषण करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना हे आधीच समजावून सांगितलं होतं. त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना इतरांपेक्षा सरस वाटली. गाण्यातही मला हेच दिसतं. कुणी उतरून येऊन म्हणतं, माझे हात किती कापत होते, आणि पहिल्या रांगेतल्या कुणालाच ते दिसलेलं नसतं.

गोळ्यांबद्दल हल्ली दबक्या आवाजात विचारलं जातं. बीटा ब्लॉकर ही हृदयविकारासाठीची औषधं. जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये मिळालेल्या नोबेल पुरस्काराच्या कामात त्यांचा शोध होता. ती अॅड्रिनलिनचा परिणाम अडवतात, त्यामुळे थरथर आणि धडधड कमी होते. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांमधल्या दोन हजारांहून अधिक वादकांच्या १९८७ मधल्या पाहणीत २७ टक्क्यांनी ती घेत असल्याचं सांगितलं होतं. पण दम्याच्या रुग्णाला ती धोकादायक ठरू शकतात, आणि नाडी किंवा रक्तदाब आधीच कमी असेल तरीही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय, मैत्रिणीनं दिली म्हणून गोळी घ्यायची नाही. भीतीनं गाणंच बंद पडायची वेळ आली असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

क्लास चालवणाऱ्या ताई-दादांकडे माझी एक मागणी आहे. वर्षातून एक मोठा कार्यक्रम करण्याऐवजी दर महिन्याच्या शेवटच्या तासाला दोन विद्यार्थ्यांना बाकीच्यांसमोर बसवा. माइक नको, सजावट नको, सतरंजी आणि तानपुरा पुरे. तबलजींना त्या तासाचं मानधन द्या, वर्गणीत थोडी भर घातली तर ते जमतं. गाणं संपल्यावर चुका लगेच सांगू नका, त्या पुढच्या तासाला सांगा. आणि गुरुपौर्णिमेच्या यादीत सगळ्यात घाबरट विद्यार्थ्याचा क्रम दुसरा किंवा तिसरा ठेवा, म्हणजे चार तास ताटकळत बसून त्याचा घसा कोरडा पडणार नाही.