भाजलेल्या कातडीवर मासळीचा पडदा

भाजलेल्या पेशंटला वॉर्डात सगळ्यात जास्त भीती असते ती ड्रेसिंगच्या वेळेची. जखमेला चिकटलेली पट्टी ओढली की नवी येणारी कातडीही तिच्यासोबत निघते. म्हणून काही जखमांवर डॉक्टर कोलॅजनचा पातळ पडदा लावतात. तो जखमेला चिकटून बसतो, धूळ-जंतू अडवतो, आतला ओलावा टिकवतो आणि खाली कातडी भरली की कडेने आपोआप सुटत जातो. रोज सोडवावा लागत नाही.

कोलॅजन म्हणजे कातडी, हाडं, सांधे घट्ट धरून ठेवणारं प्रथिन. पायांचा रस्सा गार झाला की थिजतो, तो त्याच्यामुळेच. औषधासाठी ते गायी-डुकरांच्या कातडीतून काढतात, तसंच मासळी साफ करताना आपण फेकून देतो त्या कातडी-खवल्यांतूनही. जनावरांचे काही रोग त्यातून येण्याची भीती माशात कमी असते, आणि धर्माच्या कारणाने नको म्हणणारेही कमी. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात तर डॉक्टरांनी तिलापिया माशाची अख्खी कातडीच भाजलेल्यांवर लावली. हा मासा म्हणजे आपल्याकडच्या धरणांत मिळणारी चिलापी.

पण ती कातडी आधी निर्जंतुक केलेली असते. बाजारातल्या मासळीची कातडी घरी जखमेवर लावाल तर जंतू आत जातील आणि जखम चिघळेल. शिवाय हा पडदा सगळ्या जखमांना चालत नाही. खोल भाजलं असेल तर मांडीची कातडी काढून लावावी लागते. पू झालेल्या जखमेवर पडदा लावत नाहीत. मासळी खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

हेच कोलॅजन आता पावडर करून ‘तरुण दिसा’ म्हणून महागात विकतात. सुकट-बोंबलाच्या वासावरून आपल्याला भाड्याने खोली नाकारणारेसुद्धा ती मासळीची पावडर दुधात घालून पितात! पोटात गेल्यावर ती इतर प्रथिनांसारखीच पचून तुटते, सरळ गालावर जाऊन बसत नाही. शरीर आपलं कोलॅजन स्वतः तयार करतं. त्याला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं: डाळ, अंडी, सुकट, पेरू, आवळा, लिंबू.

भाजल्यावर मात्र पहिला उपाय पाणीच. वीस मिनिटं साधं, गार पाणी ओतत राहा. आपल्या शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, म्हणून ड्रममधलं ओतताना हात आखडतो. त्या वेळी हिशोब करू नका. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. बांगड्या-अंगठ्या लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. स्वच्छ सुती कापड सैल झाकून घाटीत किंवा जवळच्या दवाखान्यात न्या.

खाजगीत पडद्याचे पैसे वेगळे सांगितले, तर तो कशाचा, किती लागणार आणि का, हे विचारून घ्या. भाजल्यावरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात. त्या योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन पैसे भरण्याआधी त्याला भेटा.