गिगाबिटच्या तारेवर ९४ मेगाबिट का?

१ गिगाबिटच्या जोडणीवर फाइल पाठवताना हाती येणारा कमाल वेग सेकंदाला सुमारे ९४१ मेगाबिट असतो. उरलेले ६ टक्के पॅकेटच्या हेडरमध्ये आणि दोन पॅकेटमधल्या अंतरात जातात. याच हिशेबाने १०० मेगाबिटच्या जोडणीवर ९४ मिळतात. भारतनेट या सरकारी योजनेने ग्रामपंचायतीसाठी किमान १०० मेगाबिट ठरवले आहेत. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावात तेवढी जोडणी असेल आणि ९४ भरले, तर तक्रारीला जागा नाही.

गिगाबिटच्या सर्व्हरवर ९४ भरले, तर मात्र आधी केबल तपासावी. गिगाबिटला तारांच्या ४ जोड्या लागतात, १०० मेगाबिटला २. जादा दोनपैकी एक जोडी तुटली की कार्ड सहसा १०० वर उतरते आणि दोष नुकत्याच चढवलेल्या व्हर्च्युअलायझेशनच्या माथी जातो.

केबल ठीक असेल तर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने होस्ट आणि व्हर्च्युअल मशीन वेगवेगळे मोजावेत. होस्टवर ९४१ आणि आतल्या मशीनवर बरेच कमी, तर दोष बहुधा व्हर्च्युअल कार्डात किंवा व्हर्च्युअल स्विचमध्ये. एकही मशीन चालू नसताना होस्टच मंदावला, तरी व्हर्च्युअल स्विचवरचा संशय जात नाही: हायपर-व्हीमध्ये होस्ट तेच कार्ड वापरत असेल, तर त्याची स्वतःची वाहतूकही त्या स्विचमधूनच जाते.

सर्वांत विचित्र उदाहरण व्हीएमक्यूचे (व्हर्च्युअल मशीन क्यू). येणारी पॅकेट अनेक कोअरवर वाटणारी ही सोय वेगासाठीच आहे. पण विंडोज सर्व्हर २०१२ च्या काळात ब्रॉडकॉमच्या काही १ गिगाबिट कार्डांवर तिनेच वेग पाडला. उपाय दोन होते: १६.८ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर, नाहीतर व्हीएमक्यू बंद. बंद करण्यात तोटा नव्हता, कारण एक कोअर साधारण ३.५ गिगाबिट पेलतो.

फाइल वेगाने जाते आणि छोट्या पॅकेटांत बोलणारा डेटाबेस रखडतो, हेही घडते. गिगाबिटची तार पूर्ण भरायला मोठी पॅकेट सेकंदाला सुमारे ८१ हजार लागतात, ६४ बाइटची १४.८८ लाख, म्हणजे १८ पट. प्रोसेसरवरचा भार बिटांपेक्षा पॅकेटच्या संख्येने वाढतो. शिवाय विलंब साचत जातो: एकामागून एक १० हजार प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला दर उत्तरामागे ०.२ मिलिसेकंद लागले तर २ सेकंद पुरतात. २ मिलिसेकंद लागले तर २० सेकंद.

अंतराची सबब इथे टिकत नाही. सर्व्हर ठाण्यात असेल आणि म्हसा ते ठाणे फायबर १०० किलोमीटर धरले, तरी प्रकाशाच्या जाण्यायेण्याला १ मिलिसेकंद लागतो. पिंग २० मिलिसेकंद दाखवत असेल, तर उरलेले १९ वाटेतल्या उपकरणांत शोधावेत.

व्हर्च्युअलायझेशन चढवण्याआधी वेग, पिंग आणि प्रोसेसरचा भार हे तीन आकडे तारखेसह लिहून ठेवा. ते नसतील, तर ‘मंद झाले’ ही तक्रार पडताळता येत नाही.