गोठविलेले बीज आणि गोठ्यातील गाय

पेडणे व डिचोली तालुक्यांतील पुष्कळ घरी आता गाय माजावर आली असता वळू शोधीत कोणी फिरत नाही; पशुवैद्यास निरोप जातो. ते येतात, धुरासारखी वाफ सोडणाऱ्या भांड्यातून एक बारीक कांडी काढतात, ती क्षणभर कोमट पाण्यात धरतात आणि काम उरकून जातात. त्या कांडीत काय असते व त्यापासून आपले कोणते हित अथवा अहित होते, हे प्रत्येक गोपालकाने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते.

कांडीत असते वळूचे गोठविलेले वीर्य. साध्या थंडीने पेशीतील पाण्याचे बर्फ होऊन त्याचे स्फटिक तिला मारतात. १९४९ साली इंग्लंडात पोल्ज, स्मिथ व पार्क्स या शास्त्रज्ञांस असे आढळले की, ग्लिसरीन मिसळल्यास हा घात टळतो. द्रवरूप नत्रवायूत, शून्याखाली १९६ अंशांवर, असे बीज अनेक दशके टिकते. वळू मेला तरी त्याची संतती होऊ शकते.

याच सोयीने जर्सी व होल्स्टीन यांचे रक्त आमच्या गोठ्यांत आले. दूध वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रत्येक संकरागणिक गावठी गाय ओसरत गेली. शिवाय डिचोलीत खाणींनी आणि पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२२ साली उद्‌घाटन झालेल्या विमानतळाने चराऊ जमीन व्यापली. गोव्याची ही पांढरीशुभ्र, आटोपशीर बांध्याची, काटक गाय आता ‘श्वेतकपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. तिच्या अभ्यासाचे काम जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषि संशोधन संस्थेने केले.

ज्या थंडीने परके बीज आणले, तीच घरचे बीज राखूही शकते. हरियाणातील कर्नाल येथे, १९८४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेत, देशी जनावरांच्या बीजाची पेढी आहे. मात्र पेढी आहे म्हणून निश्चिंत राहणे चुकीचे ठरेल. वीर्य हे अर्धेच बीज होय. गाईचे स्त्रीबीज आकाराने मोठे व पाण्याने भरलेले असल्यामुळे ते गोठविणे फार कठीण जाते. शेवटची गावठी गाय गेल्यावर ती कांडी परक्या जातीच्या गाईस दिली, तर पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत पाऊण, तिसरीत सात अष्टमांश एवढाच जुना वंश परत येईल. पूर्ण कधीच नाही. आणि एकेका पिढीस सुमारे तीन वर्षे लागतात!

म्हणून आमचे सांगणे एवढेच: पेंड व हिरवा चारा पुरविण्याची ऐपत असेल त्याने संकरित गाय खुशाल पाळावी. पण घरी निखळ गावठी गाय असेल, तर तिला संकराची कांडी देण्यापूर्वी देशी बीज मिळेल काय, हे पशुवैद्यास अवश्य विचारावे. ते न मिळाल्यास गावातील चांगला गावठी वळू पाहावा. केवळ तो तिचा बाप किंवा भाऊ नसावा. थंडीत ठेवलेले बीज वंशाला आधार देईल खरे, पण वंश चालतो तो गोठ्यातच.