कॅशबॅकचा हिशेब : देय दिनांकाच्या अलीकडचा आणि पलीकडचा

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपल्या घरोघरी थट्टेने वापरली जाते. क्रेडिट कार्डावरील कॅशबॅकच्या बाबतीत मात्र ती पुष्कळ जण गांभीर्याने घेतात, असा अनुभव शाखेत बसून वारंवार येतो.

जुलैच्या मध्यावर तात्यापारा भागात राहणारे एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्या रायपूरच्या शाखेत आले. (ग्राहकाची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या एका हातात मोबाईल होता आणि दुसऱ्या हातात छापून आणलेले कार्डाचे विवरणपत्र. मोबाईलवर ४०० रुपये कॅशबॅक जमा झाल्याचा संदेश होता, तर विवरणपत्रावर एकूण देय रक्कम ४०,००० रुपयांहून अधिक दिसत होती.

“ताई,” ते म्हणाले, “मे महिन्यात मी चाळीस हजारांचे शीतकपाट घेतले. जूनमध्ये दोन हजार भरले. कंपनी म्हणते, आम्ही तुम्हाला चारशे परत दिले. मग माझे देणे चाळीस हजारांच्या वर गेले कसे?”

काका गणिताचे शिक्षक होते. त्यामुळे उत्तर शब्दांत न देता आकड्यांत देणेच योग्य होते. कार्ड कोणत्या संस्थेचे होते, हा प्रश्न येथे गौण आहे, कारण हिशेबाची रीत सर्वत्र जवळपास एकच असते.

खरेदी झाली १५ मे रोजी. विवरणपत्र तयार झाले १० जूनला आणि देय दिनांक होता ३० जून. त्या दिवशी संपूर्ण ४०,००० रुपये भरले असते, तर ४६ दिवस दुसऱ्याचे पैसे विनाव्याज वापरून वर ४०० रुपयांचा लाभ झाला असता. परंतु कार्ड घेताना काकांनी बचत खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची जी संमती दिली होती, त्या अर्जावर ‘संपूर्ण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन चौकोन होते. खूण दुसऱ्या चौकोनात झाली होती. त्यामुळे ३० जूनला केवळ ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये वळते झाले.

देय दिनांकाला पूर्ण रक्कम भरली गेली नाही, की व्याजमुक्त कालावधीची सवलत संपुष्टात येते, आणि तीही मागील तारखेपासून. म्हणजे व्याज ३० जूनपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून, १५ मेपासून, मोजले जाते. भरलेले २,००० रुपये वजा करून उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के, अर्थात वार्षिक ४२ टक्के दराने, १० जुलैच्या विवरणपत्रापर्यंतच्या ५६ दिवसांचे व्याज होते २,४४९ रुपये. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ४४१ रुपये. दोन हजार भरूनही देणे ४०,८९० रुपये झाले आणि ४०० रुपयांच्या कॅशबॅकची किंमत २,८९० रुपये पडली.

काका क्षणभर स्तब्ध झाले. मग हळूच म्हणाले, “आणि माझ्या बचत खात्यात तर पैसे पडूनच आहेत.” ते खरेच होते. खात्यात साठ हजारांहून अधिक रक्कम होती. पैसे नव्हते म्हणून व्याज लागले असे नव्हे. पैसे असूनही एका चौकोनातील खुणेमुळे लागले. थकबाकी असताना त्याच कार्डावर जो किराणा आणि जी औषधे घेतली जातात, त्यांनाही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. एक टक्का कॅशबॅकच्या आशेने काकांनी जुलैच्या पहिल्या आठवड्यात घेतलेला किराणाही पहिल्या दिवसापासून व्याज खात होता.

हा पैसा येतो कोठून?

आपण दुकानात १,००० रुपयांचे कार्ड चालवितो, तेव्हा दुकानदाराला पूर्ण १,००० रुपये मिळत नाहीत. साधारणतः दीड ते अडीच टक्के व्यापारी शुल्क कापले जाते. त्यातील मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. उरलेला यंत्र बसविणारी बँक आणि कार्डाचे जाळे चालविणारी संस्था यांच्यात विभागला जातो. कार्ड देणारी बँक आपल्या वाट्यातील काही भाग ग्राहकाला परत करते. हाच कॅशबॅक. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या डिस्कव्हर कार्डाने ही कल्पना लोकप्रिय केली. भारतात बँकेचे क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० मध्येच आणले होते, पण किराण्यावर पैसे परत मिळण्याची सवय आपल्याला फार उशिरा लागली.

येथे चौकस वाचक विचारील की, शुल्कच दोन टक्के असेल तर पाच टक्के परत देणे कसे परवडते? एक तर विक्रेता किंवा संकेतस्थळ त्यात आपला वाटा घालते. किंवा वार्षिक शुल्क, विलंब शुल्क आणि आमच्या काकांसारख्या ग्राहकांचे व्याज यांतून ती भर निघते. स्पष्टच सांगायचे, तर वेळेवर पूर्ण भरणाऱ्याच्या कॅशबॅकचा काही भार वेळेवर न भरणारा उचलत असतो. बँकेच्या नियतकालिकात असे लिहिणे काहींना खटकेल. परंतु हिशेब ठाऊक असलेला ग्राहकच दीर्घकाळ टिकतो, असे माझे मत आहे.

दुकानाचा सांकेतिक क्रमांक

कॅशबॅक वस्तूवर नव्हे, दुकानावर मिळतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या व्यवसायानुसार चार अंकी वर्ग-क्रमांक दिलेला असतो. किराणा दुकान व सुपरमार्केट यांचा ५४११, औषधांच्या दुकानाचा ५९१२, उपाहारगृहाचा ५८१२, पेट्रोल पंपाचा ५५४१, बहुविभागीय भांडाराचा ५३११. बँकेच्या संगणकाला आपण तांदूळ घेतला की टॉवेल, हे कळत नाही; त्याला केवळ हा क्रमांक दिसतो. म्हणून तोच तांदूळ ५४११ च्या दुकानात घेतला तर ‘किराणा’ ठरून अधिक परतावा मिळू शकतो आणि ५३११ च्या भांडारात घेतला तर नाही. ‘किराण्यावर पाच टक्के’ अशी जाहिरात पाहून कार्ड घेणाऱ्याने आपले नेहमीचे दुकान कोणत्या वर्गात मोडते, हे पहिल्या विवरणपत्रावरून पडताळावे.

पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेली रक्कम, दागिने आणि शासकीय भरणा या गोष्टी बहुतेक कार्डांवर कॅशबॅकच्या यादीतून वगळलेल्या असतात. विजेच्या देयकावरही अनेक कार्डे काही देत नाहीत. ‘मोर बिजली’ ॲपवरून देयक भरण्यात सोय आहे, परताव्याची खात्री नाही. पेट्रोलवर जी ‘अधिभार माफी’ मिळते, तो लाभ नव्हे. पंपावर आकारलेला एक टक्का अधिभार तेवढा परत मिळतो, आणि त्यावरील कर सहसा आपल्याच पदरी राहतो.

आता एका चौकोनी कुटुंबाचा महिना पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. पण चौबे कॉलनीतील कोणत्याही मराठी घराला ते फारसे परके वाटणार नाहीत. किराणा ९,०००, औषधे १,८००, मोबाईल व इंटरनेट १,२००, बाहेरचे खाणे २,०००, ऑनलाइन खरेदी ४,०००, पेट्रोल ३,०००, वीज २,४००, दूध-भाजी ५,५००. ऑनलाइन खरेदीवर पाच आणि इतरत्र एक टक्का देणारे कार्ड असेल, तर ऑनलाइनचे २००, किराण्याचे ९०, बाकी तीन बाबींचे मिळून ५०, असे महिन्याला ३४० रुपये होतात. पेट्रोल, वीज आणि दूध-भाजी यांचे शून्य. वर्षाचे ४,०८०. कार्डाचे वार्षिक शुल्क ९९९ रुपये धरले, तर करासह १,१७९ वजा जाऊन हाती २,९०१ रुपये उरतात. रक्कम लहान आहे, पण दिवाळीच्या फराळाचा बराचसा खर्च त्यात भागतो. काकांच्या एका चुकलेल्या देय दिनांकाने जवळजवळ एवढीच रक्कम नेली, हे येथे लक्षात यावे.

गोल बाजारातील हिशेब आणखी निराळा. तेथील जुन्या पेढीवर कार्ड पुढे केले, की “कार्ड पे दो परसेंट ऊपर लगेगा” असे ऐकू येते. एक टक्का मिळविण्यासाठी दोन टक्के देणे हा व्यवहार नव्हे. तेथे रोख किंवा युपीआयने पैसे देऊन आणि घासाघीस करून जे सुटते, ते कोणत्याही कॅशबॅकपेक्षा अधिक असते. पंडरीच्या कापड बाजारात लग्नाचा बस्ता बांधताना तर माझ्या सासूबाईंनी जी सूट मिळविली, ती पाहून मी कार्ड पर्समधून बाहेरच काढले नाही.

रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडण्याची सोय २० सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि क्युआर फलक असलेल्या दुकानांतही क्रेडिट कार्ड पोहोचले. तिची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी. ही सोय व्यापाऱ्याला पैसे देण्यासाठी आहे, व्यक्तीला पाठविण्यासाठी नाही. भाजीवालीने आपल्या व्यक्तिगत खात्याचा फलक लावला असेल, तर तेथे क्रेडिट कार्ड चालत नाही. ग्राहकाला वाटते की यंत्रणाच बिघडली. शिवाय काही कार्डांवर अशा युपीआय व्यवहारांचा परतावा कमी असतो किंवा मुळीच नसतो. लहान व्यापाऱ्यांकडून दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क घ्यायचे नाही, असे राष्ट्रीय देयक निगमाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरविले. जेथे शुल्कच नाही, तेथे परत द्यायला बँकेकडे काय उरणार?

कमाल मर्यादा हीसुद्धा वाचून घ्यावी. ‘पाच टक्के’ या मोठ्या अक्षरांखाली ‘दरमहा अमुक रुपयांपर्यंत’ असे बारीक अक्षरांत असते. मर्यादा विवरणपत्राच्या महिन्यानुसार मोजली जात असेल, तर दोन मोठ्या खरेद्यांपैकी एक विवरणपत्राच्या तारखेनंतर दोन दिवसांनी केली तरी लाभ वाढतो आणि फेडीचे दिवसही वाढून मिळतात. वस्तू परत केली, तर मिळालेला कॅशबॅकही परत जातो. हप्त्यांत रूपांतर केलेल्या खरेदीवर तो बहुधा मिळत नाही. आणि विवरणपत्रात जमा झालेला कॅशबॅक हा पुष्कळ कार्डांवर किमान रकमेचा भरणा मानला जात नाही.

वर्षात दोन लाख खर्च केल्यास शुल्क माफ, या अटीपायी वर्ष संपताना गरज नसलेली खरेदी करणारे ग्राहकही मी पाहिले आहेत. दुसऱ्यांना कशाला हसावे? दहा टक्के कॅशबॅकच्या मोहात मी घेतलेले एक फळरस-यंत्र आमच्या माळ्यावर अद्याप खोक्यातच आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आमच्याकडे त्याचे नावच पडले आहे.

नियमांविषयी थोडे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या कार्डविषयक निर्देशांनी अनेक गोष्टी ग्राहकाच्या बाजूने स्पष्ट केल्या. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा विवरणपत्रावर छापणे बंधनकारक झाले. देय दिनांकानंतर तीन दिवसांहून अधिक विलंब झाल्यावरच विलंब शुल्क लावता येते. देणे शिल्लक नसताना कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत अमलात आणली नाही, तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देण्याची तरतूद आली. व्याजाच्या दरावर मात्र कोणी हात धरील अशी अपेक्षा ठेवू नये. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरविला.

काकांनी त्याच दिवशी संपूर्ण रक्कम भरली. पुढच्या विवरणपत्रात १० जुलैपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचे थोडे व्याज पुन्हा दिसेल, ते पाहून घाबरू नका, असे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते, ते दिसलेही. संमतीपत्रातील खूण ‘संपूर्ण देय रक्कम’ या चौकोनात आली. कार्ड बंद करावे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले; औषधे आणि ऑनलाइन खरेदी एवढ्यापुरते ते ठेवावे, असे सुचविले.

ऑगस्टमध्ये महाराष्ट्र मंडळात भेट झाली, तेव्हा त्यांनी सांगितले की घरच्या कालनिर्णयावर प्रत्येक महिन्याच्या तीस तारखेभोवती त्यांनी लाल शाईने वर्तुळ काढले आहे, आणि फेब्रुवारीत देय दिनांक कधी येईल, ते मला विचारायचे राहून गेले होते.