भिंत नसलेला तुरुंग: आटपाडीचं स्वतंत्रपूर आपल्याला गुन्ह्याबद्दल काय सांगतं?

तुरुंग म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती उंच भिंत, लोखंडी दार आणि बंदूकधारी पहारा. पण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ एक तुरुंग असा आहे, जिथे कैदी शेती करतात आणि बायको-मुलांसोबत राहतात. नाव आहे स्वतंत्रपूर. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा 1957 चा सिनेमा याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर आटपाडी तालुक्यातल्याच माडगुळ्याचे.

माणूस गुन्हेगार का होतो आणि त्याला पुन्हा माणसांत कसं आणायचं, हा समाजशास्त्रातला जुना प्रश्न आहे. या प्रश्नाकडे स्वतंत्रपूरच्या निमित्ताने पाहूया.

स्वतंत्रपूर सुरू कसं झालं?

स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होती. औंध हे राजधानीचं गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी सांगलीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता.

फ्रीडमन यांच्या पुढाकारानेच त्याच वर्षी माणदेशातल्या कोरडवाहू माळावर कैद्यांची ही वसाहत उभी राहिली. कल्पना साधी होती. कैद्याला बेड्यांऐवजी जमीन आणि काम द्यायचं आणि त्याच्यावर विश्वास टाकायचा. 1948 मध्ये औंध संस्थान विलीन झालं, पण वसाहत टिकली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

विचलन म्हणजे काय?

समाजाने घालून दिलेल्या नियमांपासून दूर जाणाऱ्या वागण्याला समाजशास्त्रात 'विचलन' म्हणतात. एमिल दुर्खीम या फ्रेंच अभ्यासकाने 1895 मध्येच सांगितलं होतं की, गुन्हा अजिबात नाही असा समाज असूच शकत नाही. मग प्रश्न उरतो की, काहीच माणसं त्या वाटेला का लागतात?

योगायोग असा की स्वतंत्रपूर सुरू झालं, त्याच सुमारास अमेरिकेत यावर महत्त्वाची मांडणी होत होती. 1938 मध्ये रॉबर्ट मर्टन यांनी सांगितलं की, समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण तिथे पोहोचायचे सरळ मार्ग सगळ्यांना मिळत नाहीत. या ओढाताणीतून काही जण आडमार्ग धरतात. 1939 मध्ये एडविन सदरलँड यांनी मांडलं की, गुन्हा रक्तात नसतो, तो संगतीत शिकला जातो. आपल्याकडची 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या' ही म्हण जवळपास तेच सांगते.

मग तुरुंगात माणूस काय शिकतो?

सदरलँड यांचं म्हणणं खरं मानलं, तर नेहमीच्या तुरुंगाची अडचण लगेच लक्षात येते. किरकोळ चोरी करून आलेला पोरगा सराईतांच्या बराकीत राहिला, तर तो त्यांच्याकडूनच शिकणार.

डोनाल्ड क्लेमर यांनी 1940 मध्ये तुरुंगाच्या आतल्या जगाचा अभ्यास मांडला. नवा कैदी हळूहळू तिथली भाषा, तिथले अलिखित नियम आणि कुणाची चुगली करायची नाही हा दंडक अंगी बाणवतो, असं त्यांना दिसलं. अर्विंग गॉफमन यांनी 1961 मध्ये तुरुंग आणि मनोरुग्णालयांसारख्या संस्थांना 'सर्वंकष संस्था' म्हटलं. तिथे झोप, जेवण, कपडे सगळंच दुसरा कुणी ठरवतो. स्वतःहून निर्णय घ्यायची सवयच माणसाच्या हातून सुटते.

संस्थेची संस्कृती इथे कुठे येते?

एडगर शाईन या अभ्यासकाच्या मते कोणत्याही संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी, संस्था जाहीरपणे सांगते ती मूल्यं आणि सगळ्यात खाली, कुणी बोलून न दाखवलेली गृहीतकं.

बंद तुरुंगाच्या पाटीवर 'सुधारणा' लिहिलेलं असू शकतं. पण भिंत आणि झडती सांगते की, 'हा माणूस संधी मिळताच पळेल.' स्वतंत्रपूरने हे तळाचं गृहीतकच उलटं केलं. इथे भिंतीचं काम शेत, हजेरी आणि घरातली माणसं करतात. ट्रॅव्हिस हिर्शी यांनी 1969 मध्ये हेच वेगळ्या भाषेत मांडलं. माणसाला गुन्ह्यापासून रोखतात ते कुटुंब, काम आणि समाजाशी असलेले बंध. बंद तुरुंग नेमके हेच बंध तोडतो.

सगळेच तुरुंग असे का नाहीत?

पहिलं कारण म्हणजे निवड. खुल्या कारागृहात चांगली वर्तणूक असलेले, शिक्षा झालेले कैदीच पाठवले जातात. त्यामुळे यशाचं श्रेय पद्धतीला किती आणि निवडीला किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. दुसरं म्हणजे, गुन्ह्याची झळ बसलेल्या कुटुंबाला ही शिक्षा फारच सौम्य वाटू शकते. त्यांची ही भावना झटकून टाकता येत नाही.

आणि तिसरं कारण आकड्यांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार, देशातल्या कैद्यांपैकी सुमारे 76 टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांच्यावरचा खटला अजून संपलेला नव्हता. तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के माणसं होती. खुलं कारागृह शिक्षा झालेल्यांसाठी असल्याने, दोष सिद्ध न झालेला माणूसच गच्च भरलेल्या बराकीत अडकून पडतो.

शिक्का पुसता येतो का?

हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये सांगितलं की, एकदा 'गुन्हेगार' हा शिक्का बसला की लोक त्या माणसाला त्याच नजरेने पाहतात. काम मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही आणि तो पुन्हा जुन्या संगतीत जातो.

सिनेमातले सहा कैदी एका जेलरच्या विश्वासावर बदलतात. प्रत्यक्षात मात्र सुटून आलेल्या माणसाची गाठ पडते ती गावाशी. त्याला मजुरीला बोलवायचं की नाही, हे तुरुंग ठरवत नाही, गाव ठरवतं.