भूल घेण्याआधीची भीती

संपूर्ण भूल घेण्याआधी रुग्णाला दोन शंका छळतात: मध्येच जाग आली तर, आणि जागच आली नाही तर? रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय असो की डेरवणचे वालावलकर रुग्णालय, ही धाकधूक सगळीकडे सारखीच असते आणि ती स्वाभाविक आहे.

शिरेतून दिलेले प्रोपोफॉल हे भुलीचे औषध मिनिटभरात गुंगी आणते. पुढे भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत रुग्णाजवळच असतो. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड यांवर त्याचे सतत लक्ष असते. औषध थांबवले की शरीरातला त्याचा प्रभाव ओसरतो आणि जाग येते. मध्येच जाग येणे फार दुर्मीळ. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ च्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे एक आढळले.

भीतीवर सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे भूलपूर्व तपासणीत मोकळेपणाने बोलणे. दमा, नेहमीची औषधे, हलणारा दात, तंबाखू, दारू यांतले काही लपवू नये. घरची माणसे समोर असल्याने संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलावे. भीती फार वाटत असेल तर शांत करणारी गोळीही देता येते. आवडते संगीत आणि संथ श्वास यांचाही उपयोग होतो.

उपाशी राहण्याच्या सूचना मात्र काटेकोर पाळाव्यात. साधारणपणे हलके अन्न सहा तास आधी, साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. कोकणात पेज हलकी समजली जाते, पण इथे ती अन्नातच मोडते. चुकून काही खाल्ले असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.